बीबीएतून काढलेला दाखला

बारावीनंतर मी बीबीए करायचं ठरलं होतं, आणि ठरलं तेव्हा मी काही तोंड वाकडं केलं नव्हतं. राहुरीजवळच्या गावात आमचं दूध संकलन केंद्र आहे. नववीपासून सकाळचं माप मी घ्यायचे. कुणाच्या दुधात पाणी आहे हे मशीनच्या आधी मला कळायचं आणि ते त्या माणसाला न दुखावता कसं सांगायचं हेही. "काका, आज म्हैस लई पाणी प्याली का वो?" एवढं म्हटलं की काका समजायचे. पप्पा हे चारचौघांत कौतुकानं सांगत. पोरगी शिकून आली की पनीर काढू, खवा काढू, असे त्यांचे बेत होते. मलाही ते आवडायचं. हे आधीच सांगते, कारण पुढे नातेवाइकांनी 'हिला लहानपणापासून सेवेची ओढ' असं करून टाकलं. तसलं काही नव्हतं. नर्सिंगची सीईटीसुद्धा मी मैत्रिणीला सोबत म्हणून दिली होती.

नगरच्या कॉलेजात मूळ दाखला जमा केला आणि त्याच आठवड्यात पप्पा मोटारसायकलवरून पडले. मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. दवाखान्यात त्यांच्याजवळ मी राहिले.

त्यांना पलंगावरून उठायची मनाई होती आणि बेडपॅन घ्यायला ते तयार नव्हते. सिस्टरकडून नाही, माझ्याकडून तर नाहीच. दुपारच्या एसटीनं चुलते येईपर्यंत दात आवळून पडून राहायचे. तिसऱ्या दिवशी सकाळी अंथरुणातच झालं. माझ्याच्यानं त्यांच्याकडे बघवेना. तेवढ्यात सिस्टर आली, माझ्याहून चार-पाच वर्षांनीच मोठी असेल. तिनं पडदा ओढला आणि मला बाहेर घालवलं. आतून तिचा आवाज येत होता. गाई किती, कुठली जास्त दूध देते, वैरण घरची की विकतची. पप्पा आधी हुं हुं करत होते, मग नीट उत्तरं द्यायला लागले. पडदा उघडला तेव्हा चादर बदललेली होती आणि पप्पा आमच्या जर्सी गाईचे गुण गात होते.

मी तिथंच ठरवलं. माणसाची लाज राखायची थोडीफार हातोटी माझ्यात होती, ती मी पाणी घातलेल्या दुधावर खर्च करत होते.

पप्पा कुबड्यांवर घरी आले आणि नर्सिंगच्या यादीत माझं नाव लागलं. मी सांगितलं तेव्हा मामाही बसलेले होते. पप्पा भडकलेच. "दुसऱ्याची घान काढाया माझी पोर पाठवनार न्हाई मी."

माझी जीभ तिखट. "तुमची काढलीच ना कुनाच्यातरी पोरीनं!"

पप्पांनी मान खाली घातली. मामा उगाच मोबाईल बघायला लागले. बोलले ते खोटं नव्हतं, पण मामांसमोर बोलायला नको होतं. त्याची मला अजून लाज वाटते.

चार दिवस पप्पा माझ्याशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी कुबड्या घेऊन माझ्याबरोबर नगरला आले, कारण दाखला परत काढायला पालकाची सही लागत होती. क्लार्कनं कारण विचारलं. "पोरीची मर्जी," एवढंच म्हणाले आणि सही केली. मला वाटलं, माझ्या हट्टापुढे त्यांनी हात टेकले.

पहिल्याच वर्षी वॉर्डात एका आजोबांना साफ करायची पाळी माझ्यावर आली. कसंबसं उरकून जिन्यात गेले, ओकले, रडले आणि घरी फोन लावला. आईला लावला होता, उचलला पप्पांनी.

"पप्पा, आज एका म्हाताऱ्या आजोबांना साफ केलं. माझ्याच्यानं हे व्हनार न्हाई. तुमीच बरोबर हुता. मी येते केंद्रावर परत."

ते लगेच 'ये' म्हणतील अशी माझी खात्री होती. खरं तर तेच ऐकायला मी फोन केला होता. पण पप्पांनी भलतंच विचारलं.

"त्या म्हाताऱ्याला दिसलं का तुझं तोंड?"

"न्हाई. त्यांच्याम्होरं हसत हुते मी."

"मंग झालं की. तोंड धू अन् आत जा. तो दाराकडं बघत आसंल."