पेट्रोल नाही, किलोमीटर मोजा म्हणणारे खिरटकर सर

प्रा. नामदेवराव खिरटकर सरांची आणि माझी पहिली भेट झाली ती त्यांच्या स्कूटरच्या मागच्या सीटवर. वणीच्या महाविद्यालयात मराठी शिकवायला मी रुजू होत होतो आणि स्टँडवर ऑटो मिळत नव्हता. अर्थशास्त्राचे हे विभागप्रमुख थांबले, "बसा" म्हणाले आणि कॉलेज येईपर्यंत खड्ड्यांची ओळख करून देत राहिले. "हा नगरपरिषदेचा. हा बांधकाम खात्याचा. हा मधला कोणाचाच नाही, म्हणून सगळ्यांत जुना." सहकाऱ्यांची ओळख त्यानंतर झाली. खड्डे अधिक मोकळे वाटले.

सरांचा आयुष्यभर एकच आग्रह राहिला आहे. रस्त्यासाठी गाडीवाल्यांकडून जो कर घ्यायचा तो इंधनावर घेऊ नका, धावलेल्या अंतरावर घ्या. "गाडी काय पिते ते कशाला पाहता? किती चालते ते पाहा. रस्ता चाकाने झिजतो, टाकीने नाही." हे त्यांनी स्टाफरूममध्ये सांगितले, लग्नाच्या पंगतीत सांगितले आणि एका पेट्रोलपंप मालकांच्या शोकसभेतही सांगितले. सर बोलू लागले की आम्ही चहाचे कप उचलून दुसऱ्या टेबलावर जात असू. ते तिथेही येत.

पण माणूस म्हणून सर कसे, तर माझे वडील यवतमाळला दवाखान्यात होते तेव्हा माझे तास त्यांनी न सांगता घेतले. मी परतलो तर माझे विद्यार्थी विरहाच्या कवितेत मागणी आणि पुरवठा शोधत होते. त्या वर्षी निकाल चांगला लागला. मी खोलात गेलो नाही.

निवृत्तीनंतर सरांनी बॅटरीची स्कूटर घेतली आणि त्यांची झोप उडाली. पेट्रोल सुटले, म्हणजे रस्त्यासाठी आपण काहीच देत नाही! मग ते दर रविवारी घमेले घेऊन आपल्या गल्लीतल्या खड्ड्यांत स्वतःच्या हाताने मुरूम भरू लागले. शेजाऱ्यांना वाटले, सर निवडणुकीला उभे राहणार. दोघांनी तर पाठिंबाही जाहीर केला.

या गौरवग्रंथात सरांच्या विद्वत्तेवर इतर मंडळी लिहितीलच. मला सांगायचे आहे ते बोरगाव स्टँडचे प्रकरण. त्या दिवसापासून मी सर बोलू लागले की कप उचलत नाही.

वणीहून बोरगावला जाणाऱ्या रस्त्याची कोळशाच्या ट्रकांनी चाळण केलेली. सरकारची वाट पाहून थकलेले स्टँडवरचे जीपवाले पावसाळा संपला की वर्गणी काढून त्यावर मुरूम टाकतात. वर्गणीची रीत त्यांचीच: पंपावर जो जेवढे डिझेल भरेल, तेवढा त्याचा वाटा. वर्षानुवर्षे हे बिनबोभाट चालले. मग सुनंदाताई भगत यांनी बॅटरीचा ऑटो आणला. यजमानांचे खाणीतले ठेक्याचे काम सुटलेले, दोन मुली शाळेत, सगळे घर त्या तीन चाकांवर. त्यांना पंपावर जायचेच नाही, म्हणजे वर्गणीही नाही. जीपवाल्यांनी ठरवले, यांना नंबर द्यायचा नाही. स्टँडवर नंबर, म्हणजे सवारी भरायची पाळी, हेच सर्वस्व. नंबर गेला की धंदा गेला.

बोलणी करायला सरांना बोलावले. मी सोबत गेलो, गंमत पाहायला. पण तिथे पोचलो तर दोन जीपा ऑटोला आडव्या लावलेल्या, आवाज चढलेले आणि काही हात काचेपर्यंत पोचलेले.

जीपवाल्यांचे म्होरके किसनभाऊ राठोड म्हणाले, "सरजी, बाई आमच्या मुरमावरून चालून राह्यली, फुकट!"

"म्या कधी नाही म्हटलं काय द्यायले?" सुनंदाताई ऑटोचे हँडल सोडायला तयार नव्हत्या. "मले डिझेल लागतच नाही, त काय करू, भाऊ? इकत घेऊन नालीत ओतू काय?"

सरांचा चेहरा उजळला. आयुष्यभर ज्या प्रश्नाची वाट पाहिली तो समोर उभा होता. "सोपं आहे," ते म्हणाले. "सगळ्यांनी मीटर दाखवा. जो जेवढा धावला, तेवढा त्याचा वाटा."

स्टँड हसून लोळले. मीटर! गाडी विकताना कमी धावलेली दिसावी म्हणून झाडून सगळ्या जीपांच्या मीटरची तार गाडी नवी असतानाच काढलेली. चालू मीटर एकच होते, सुनंदाताईंचे. म्हणजे सरांच्या न्यायाने सगळ्या रस्त्याचा मुरूम त्या एकट्याच टाकणार.

"वा सरजी!" कोणीतरी ओरडले. "लय चांगला न्याव केला!"

सुनंदाताईंचे डोळे भरून आले. आता सर जागतिक दाखले देऊ लागणार आणि त्या काचा फुटणार, असे वाटून मी डोळे मिटले.

"चुकलं माझं," सर म्हणाले. प्राध्यापकाच्या तोंडून हे वाक्य मी प्रथमच ऐकत होतो. मग ते किसनभाऊंकडे वळले. "किसनभाऊ, तुमचे आजे-पणजे बैलांवर मीठ वाहात होते ना?"

"हो जी. अख्खा तांडा चालत होता."

"जकातीच्या नाक्यावर त्यांना काय विचारायचे? बैल किती वैरण खातो?"

"वैरण कायले इचारतीन? किती बैल गेले ते मोजत."

"मग ताईंचा बैल वैरण खात नाही, तर तुम्हाला काहून राग?"

किसनभाऊ हसू दाबत म्हणाले, "पण मोजाव कसं, जी? मीटर त बंद हायेत."

"इथून बोरगाव सगळ्यांना सारखंच लांब. नंबर किती लागले ते मोजा. खोटं कोणी सांगेल?"

"खोटं?" किसनभाऊंनी सगळ्या स्टँडवर नजर फिरवली. "कोणी एक खेप लपवली त मागच्या नंबरवाला नरडं धरन त्याचं!"

ठरले. जेवढे नंबर तेवढा वाटा. जीप जड म्हणून तिचा जास्त, ऑटो हलका म्हणून त्याचा कमी. यावर अर्धा तास अस्सल शिव्यांची देवाणघेवाण झाली, पण त्या व्यवहारातल्या होत्या, वैरातल्या नव्हत्या. मग आडव्या जीपा बाजूला झाल्या आणि किसनभाऊंनीच हाक दिली, "चला बोरगाव! ताईचा नंबर! बसा पटापट!"

सुनंदाताई सवाऱ्या घेऊन निघाल्या. त्यांचा ऑटो वळणाआड जाईपर्यंत सर पाहत राहिले आणि मग मटकन बाकावर बसले. "गुरुजी," ते मला म्हणाले, "तिचा नंबर गेला असता तर मी हा विषय पुन्हा काढला नसता." मी त्यांना चहा आणून दिला आणि तिथेच बसून प्यालो.

आज स्टँडवर बॅटरीचे आणखी ऑटो आले आहेत, भांडणे नव्या विषयांवर होतात. रस्ता गुळगुळीत नाही, पण कंबर शाबूत ठेवून बोरगावला पोचता येते. वणी तालुक्यात ही चैन आहे.

परवा किसनभाऊ सरांना म्हणाले, "सरजी, नंबरचं जमलं. आता त्या कोळशावाल्या ट्रकाईले कवा पकडता? वजन गुणिले किलोमीटर!" सर उठून चप्पल शोधू लागले.

पंचाहत्तरीत पदार्पण करणाऱ्या सरांना निरोगी, प्रदीर्घ आयुष्य लाभावे ही प्रार्थना आम्ही निव्वळ स्वार्थापोटी करत आहोत. ट्रक पुष्कळ आहेत, त्यांचे मालक सरांचे ऐकायला बसतील असे वाटत नाही आणि शंभरीच्या आत हे काम उरकेल, अशी लक्षणे दिसत नाहीत.