अब्बांची धनुकली

पहूरचे अन्वरभाई पिंजारी म्हणजे संशयाचं गाठोडं. गाद्या-रजया भरण्यात उभं आयुष्य गेलं, पण गिऱ्हाइकाच्या कापसावर पाणी मारलंय का, हे चाचपल्याशिवाय त्यांनी कधी काम धरलं नाही.

नऊ वर्षांपूर्वी गावात सिनेमावाले आले. कापूस पिंजायची अब्बांची जुनी धनुकली त्यांनी चार दिवस मागितली आणि धाकट्या भावाने, जुनैदने, ती नेऊन दिली. परत आली ती वेगळीच वाजायला लागली. “तिला नवी तात, दोरी चढवली त्यांनी, म्हणून,” असं जुनैद कळवळून सांगायचा. अन्वरभाईंनी मात्र धरूनच ठेवलं, की याने अस्सल विकली आणि नकली घरी आणली. धनुकली माळ्यावर गेली, जुनैद बायकापोरांसकट चोपड्याला गेला. पुतणीच्या लग्नालाही हा माणूस हलला नाही.

परवा डोळे तपासायला जळगावला आले, तर हुस्नबानोने हट्टच धरला, की सिनेमातल्या वस्तूंचं नवं संग्रहालय बघायचं. जन्मात सिनेमा न पाहिलेल्या बायकोला हे कुठून सुचलं? अन्वरभाईंच्या मनात तिथेच शंकेची पाल चुकचुकली.

आत वीतभर घरं, बोटाएवढी एसटी, नखाएवढ्या कांद्यांचा बाजार मांडलेला. अन्वरभाई प्रत्येक देखाव्याच्या मागे वाकून बघत. “पोकळ आहे सगळं,” असं पुटपुटत तिसऱ्या खोलीत शिरले आणि थबकले. भिंतीवर धनुकली! मुठीजवळ अब्बांच्या बिडीचा डागसुद्धा तोच.

“बघ! विकली होती की नाही?” त्यांनी झेप घेऊन ती उतरवली. हातात आली ती पापडासारखी हलकी. डागावर नख मारलं, तर रंगाखालून पांढरा थर्माकोल निघाला.

रखवालदार धावत आला. “चाचा, ठेवी द्या ते! आठे बठ्ठं नकली शे. अस्सल वस्तू ज्यानी त्याले वापस.”

अन्वरभाईंनी ती त्याच्या हाती दिली आणि ते बाकावर बसले. म्हणजे इथे सगळंच नकली; अब्बांची अस्सल धनुकली नऊ वर्षं घरीच होती. सख्ख्या भावाला आपण गावभर चोर म्हणत फिरलो, या विचाराने त्यांना मान वर करवेना.

“जुनैदचा नंबर असेल का कुणाकडे?” त्यांनी जमिनीकडे बघत विचारलं.

हुस्नबानोने कुठेही न शोधता फोन लावला आणि त्यांच्या हातात दिला.

“भाभी,” पलीकडून जुनैदच घाईघाईने बोलला, “भाई को दिखाई क्या?”

संग्रहालयाचा हट्ट कुठून आला ते उमगून अन्वरभाईंनी बायकोकडे बघितलं आणि फोन कानाशी घट्ट धरला.