कुठे निघालात, विष्णुपंत?

तीर्थरूप विष्णुपंतकाकांस,

तुम्ही शेवटचे निघालात तेव्हा गल्लीतल्या एकानेही 'कुठे निघालात' म्हणून विचारलं नाही. तेवढे एकदाच तुम्ही एका दमात पोचला असाल. तुमची हकीकत तुमच्या नातवंडांना कोणी धड सांगत नाही, सगळे नुसते हसतात. म्हणून लिहायला घेतली. तिच्यातली इंदू मीच. पण त्या वयातला आगाऊपणा लांबूनच बरा, म्हणून तिला इंदूच म्हणते.

विष्णुपंत नगरच्या कचेरीत कारकून. माणूस सरळ, अक्षर मोत्यासारखं, खोड एकच. घराबाहेर पडताना कोणी 'कुठे' विचारलं की काम फिसकटतं, हे शास्त्र तेव्हा घरोघरी होतं. बाकीचे लोक विचारणाऱ्यावर डोळे वटारून पुढे जात. विष्णुपंत परत फिरत. टोपी काढायची, पाय धुवायचे, पाटावर बसून तांब्याभर पाणी प्यायचं आणि पहिल्यापासून निघायचं. कचेरी पाच मिनिटांवर. पंत नऊला निघत आणि अकराला पोचत. एकदा घोडेगावच्या बाजारात गाय आणायला निघाले ते तिसऱ्या आठवड्याच्या बाजाराला पोचले.

गल्लीच्या तोंडाशी आक्काबाई दूध विकायला बसे. आल्यागेल्याची चौकशी केल्याशिवाय तिला घास गिळत नसे. "लांब निघालात का, असं विचारावं," पंतांनी तिला एकदा समजावलं.

"बरं. लांब निगालात का, पंत?"

"हो."

"कुठं?"

पंत परत फिरले.

१९४४ च्या जूनमध्ये पंतांची पुतणी इंदू मॅट्रिक झाली. तिला वडील नव्हते. पुण्याच्या कॉलेजच्या अर्जावर पालकाने हेडमास्तरांसमोर सही करायची होती, आणि सुमंत हेडमास्तर अर्ज हाती आला त्याच दिवशी अडीचच्या मोटारीने खर्ड्याला आपल्या गावी निघणार होते. ते परत येईपर्यंत मुदत संपणार. सही नाही तर कॉलेज नाही. आणि कॉलेज नाही तर राहुरीचं स्थळ तयारच होतं.

बारा वाजता पंत निघाले. आक्काबाईने विचारलं, परतले. पुन्हा निघाले. भिमाजी न्हाव्याने विचारलं, परतले. तिसऱ्या खेपेला आक्काबाईला खरोखरच काळजी वाटली. "सारकं सारकं माघारी का येताय, पंत? कुठं, जायचंय तरी कुठं?" तिने दोनदा 'कुठं' म्हटलं होतं, म्हणून पंत दोन तांबे पाणी प्यायले.

"काका, एक वाजून गेला. लक्ष देऊ नका तिच्याकडे, सरळ चला."

"दुसरं काही असतं तर गेलो असतो," पंत ढेकर देत म्हणाले. ते खोटं होतं. "तुझं कॉलेज आहे, इंदे. अपशकुनावर सही करून पाठवू होय तुला?"

इंदू दारात उभी राहून विचार करत होती. जाणाऱ्याला लोक 'कुठे' विचारतात. येणाऱ्याला 'कुठून' विचारतात, आणि 'कुठून'ला दोष नाही. तिने पंतांच्या पिशवीत दुधी भोपळा घातला, काखेत छत्री दिली, वहाणांवर मूठभर धूळ उडवली आणि सांगितलं, "आता उलटं चाला. तोंड घराकडे, पाठ चौकाकडे."

पंतांनी शास्त्र आठवून पाहिलं. उलट्या चालण्याला मनाई सापडली नाही.

इंदू त्यांच्यासमोर चालत वाट सांगत होती. "जरा डावीकडे. म्हैस आहे."

"कुठून आलात, पंत?" आक्काबाईने विचारलं.

"सुमंत मास्तरांकडून," पंत म्हणाले आणि हळूहळू घरापासून लांब जाऊ लागले.

"आवो, पन घर मागं सरकतंय की तुमचं."

सुमंत मास्तर वळकटी बांधत होते. त्यांनी मान वर केली तर दारात पंतांची पाठ. "इतक्यात निघालात? आलात कधी, तेही कळलं नाही. बसा की, चहा घ्या."

दोन वाजून दहा मिनिटांनी सही झाली. घाईघाईत छत्री तिथेच राहिली.

इंदू पुण्याला गेली. पंतांच्या दर पत्रात शेवटची ओळ ठरलेली: सुट्टीत येशील तेव्हा मास्तरांकडून छत्री आण. स्वतः ते जात नव्हते. उलटं चालणं आता झेपत नाही म्हणत. इंदू दर सुट्टीत आज-उद्या करी. अशी पाच वर्षं गेली.

पंतांनी अंथरूण धरलं तेव्हा बी. ए. झालेली इंदू एका सकाळी छत्री आणायला निघाली. पंतांची खाट खिडकीशी होती.

"लांब निगालीस का गं?" आक्काबाईने विचारलं. आणि जरा थांबून, "कुठं?"

इंदूने वळून खिडकीकडे पाहिलं. मग ती परत आली. चपला काढल्या, पाय धुतले, पंतांच्या उशाशी बसली आणि तांब्याभर पाणी प्यायली.

"निघू आता?"

"आज नको," पंत म्हणाले. "आज ती सारखी विचारणार. उद्या जा."

दुसऱ्या दिवशी पंतच निघाले. छत्री सुमंतांकडेच आहे.