पोटातल्या यंत्रासाठी ठेवलेली वही

१९८३, मे महिन्यातला दुसरा रविवार, सकाळी आठ. हजर: मी, बायको, आमची तेरा वर्षांची मुलगी आणि अमेरिकेहून सुट्टीवर आलेला बायकोचा भाऊ. जागा: वाडीतल्या आमच्या भाड्याच्या खोल्या.

मुलीला तीन वर्षांपासून मधुमेह होता. रोज सकाळी मी काचेची सिरिंज उकळायचो, चोवीस युनिट इन्सुलिन ओढायचो आणि तिच्या मांडीत टोचायचो. सुई बोथट झाली की दगडावर घासायचो. लघवीचे आठ थेंब निळ्या औषधात टाकून दिव्यावर तापवायचे. निळं राहिलं तर ठीक, विटकरी झालं तर साखर फार. तारीख, युनिट, रंग, शेरा, सगळं वहीत. मी ट्रान्सपोर्टच्या गोदामात स्टोअरकीपर, वही ठेवणं माझ्या हाडात होतं.

मेव्हण्याने दोन वस्तू आणल्या होत्या. एक मासिकातलं कात्रण. धातूची गोल डबी पोटाच्या कातडीखाली शिवून ठेवतात, तिच्यातलं इन्सुलिन आपोआप थोडं थोडं शरीरात जातं. काही आठवड्यांनी वरूनच सुई घालून डबी पुन्हा भरायची.

"मामा, मग मले चावी कोण देईन?" मुलीने विचारलं.

"सेलवर चालते वं ते."

"अन् शाळेत प्रार्थनेच्या वेळी सेल संपले तर?"

"तर तुझे बाबा वही घेऊन धावत येतीन."

आम्ही सगळे हसलो. मग तिने हळूच विचारलं, "म्हंजे रोजची सुई नाही?"

"रोजची नाही."

ती कात्रण घेऊन दाराशी जाऊन बसली. जेवायला दोनदा हाक मारावी लागली.

मेव्हणा मला म्हणाला, "भाऊजी, हे अजून थोड्याच लोकांवर करून पाहून राहिले. माझ्या ओळखीचा एक डॉक्टर आहे त्याच्यात. तुम्ही पक्की नोंद पाठवा, मी दाखवतो. वचन नाही देत."

मला तेवढं पुरे होतं. नवी वही घेतली, रकाने आखले. दुसरी वस्तू होती प्लास्टिकच्या सिरिंजचा खोका, केसासारखी बारीक सुई. नोंद अमेरिकेला जायची तर टोचायचंही त्यांच्याच सिरिंजने, असं मी ठरवलं. मेव्हणा त्याच आठवड्यात परत गेला. पुढच्या सोमवारी मी इन्सुलिनची नवी बाटली उघडली आणि नवी सिरिंज चोवीसच्या खुणेपर्यंत भरली. मुलगी म्हणाली, "दुखलंच नाही, बाबा."

बायको बघत होती. "औषध कमी दिसून राहिलं."

"नळी बारीक आहे. आकडा पाहा न, चोवीस."

गोदामात काट्यावर आकडा आला की मी दुसऱ्यांदा बघत नसे.

तिसऱ्या दिवशी रंग विटकरी. चौथ्या दिवशीही. ती माठाजवळून हलेना, पेल्यामागून पेला पाणी. मी शेऱ्यात लिहिलं: चोरून खाल्ले? साखरेच्या डब्याला आतून खूण केली. पोळ्या मोजल्या. फडताळाला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात घेऊन कामावर गेलो. रंग विटकरीच.

"मी नाही खाल्लं, बाबा."

"मग काहून लाल येऊन राहिलं? अमेरिकेत असं पाठवायचं? तुले यंत्र पाहिजे की नाही?"

आठव्या दिवशी मी हेच तिसऱ्यांदा विचारलं. ती भिंतीला टेकून उभी होती, गालफडं बसलेली. म्हणाली, "हो. खाल्लं."

"काय?"

"आंबा."

मी वहीत लिहिलं: कबूल केले, आंबा. बायको आतून ओरडली, "आंबा कुठला? यंदा घरात एक तरी आंबा आणला का आपण?" ते खरं होतं. पोरीसमोर नको म्हणून आणलाच नव्हता. मी म्हणालो, शेजारी खाल्ला असेल.

अकराव्या दिवशी दुपारी तिला उलट्या सुरू झाल्या. श्वास खोल, भात्यासारखा. रिक्षातून मोठ्या दवाखान्यात नेईपर्यंत ती हाकेला ओ देईना. मी वही, बाटली आणि सिरिंज बरोबर घेतली होती, सगळं व्यवस्थित, पिशवीत.

तिला सलाईन लावल्यावर तरुण डॉक्टरने बाटली आणि सिरिंज शेजारी शेजारी ठेवली. "ही सिरिंज कुठली? हिच्या खुणा मिलीला शंभर युनिट असलेल्या औषधासाठी आहेत. आपल्या औषधात मिलीला चाळीसच. तुम्ही चोवीस समजून दहासुद्धा देत नव्हता." मग त्याने बाटली उजेडात धरली. अकरा दिवसांत ती निम्म्याखाली जायला हवी होती, जवळजवळ पाऊण भरलेली होती. रोज शिल्लक माल जुळवणाऱ्या माणसाने ती रोज हातात घेतली होती. डॉक्टर वही चाळत म्हणाला, "एवढी चांगली नोंद कोणी ठेवत नाही हो."

ती वाचली. दवाखान्यातून नवव्या दिवशी घरी आणली. काचेची सिरिंज परत उकळू लागलो. मेव्हण्याचं पत्र आलं: डबी भरायला पुन्हा पुन्हा त्यांच्याच दवाखान्यात यावं लागतं, म्हणून जवळ राहणारेच रोगी घेतात. वाडीतून ते होण्यासारखं नव्हतं. मी पत्र तिला दिलं. तिने वाचून घडी केली. "बरं," म्हणाली. एवढंच.

आणि बरं हेच तिचं उत्तर झालं. चक्कर येते का? नाही. भूक आहे? तुम्ही म्हणाल तेवढी. एकदा साखर उतरून ती चुलीपाशी घामाने थबथबून कोसळली. त्याआधी तासभर तिचे हात कापत होते, पण बोलली नव्हती. साखरेचं पाणी पाजून मी विचारलं, "सांगितलं काहून नाही?"

"वहीत काय लिहायचं ते तुम्हीच ठरवता न, बाबा."

तिच्या अंगात काय चाललंय हे सांगू शकणारं माणूस एकच होतं, आणि मी त्याला खोटं बोलायला शिकवलं. आता मी रंग बघतो, घाम बघतो, पावलं ऐकतो. अंदाज करतो.

ती आता सतरा वर्षांची आहे. सुई स्वतः टोचून घेते, दार लावून. तिने काही खाल्लं नव्हतं, चूक माझी होती, हे मला डॉक्टरने सांगितलं, मी बायकोला सांगितलं, बायकोने तिला. मी तिला अजून सांगितलेलं नाही.