तापलेल्या इंजिनाला ब्लँकेट

दवाखान्याच्या जनरेटर मिस्त्रीला सगळे थंडोबा म्हणायचे. चालणार सावकाश, बोलणार त्याहून सावकाश, आणि तासातासाला इंजिनाला हात लावून डॉक्टरसारखा उभा राहणार. नवजात बाळांच्या वॉर्डातली सिस्टरही त्याला हसायची. उगाच खोटं कशाला बोला?

त्या सकाळी तारांवर बर्फ साचून वीज गेली आणि जनरेटर सुरू झाला. तासाभराने खालून फोन आला, "इंजिन तापलंय, बंद करावं लागेल." काचपेट्यांत अपुऱ्या दिवसांची तीन बाळं होती आणि पेट्यांची बॅटरी जेमतेम वीस मिनिटांची. सिस्टर धावतच खाली पोचली.

बाहेर हाडं गोठवणारी थंडी, आणि तापमानाचा काटा मात्र लाल पट्ट्याला टेकलेला. "दारं उघडा, गार वारा येऊ द्या," नवा इंजिनिअर म्हणत होता. त्याचं तरी काय चुकलं? कुणालाही हेच सुचलं असतं.

थंडोबाने हातमोजा काढला. रेडिएटरला वर हात लावला आणि झटकन मागे घेतला. खाली लावला, तो तिथेच ठेवला.

"खालचं पाणी गोठलंय. फिरत नाही, म्हणून वर उकळतंय. दारं लावा. सिस्टर, पेट्या सोडून सगळं बंद करायला सांगा. आणि ब्लँकेटं आणा."

याचं डोकं ठिकाणावर आहे ना, असं सिस्टरला वाटलं. पण तिने वर फोन केला आणि ब्लँकेटं आणली. त्याने रेडिएटरची बाहेरची बाजू झाकून टाकली. काटा आणखी केसभर चढला. इंजिनिअरचा हात बंद करायच्या बटणावर गेला.

"थांबा, साहेब." थंडोबाने खालचा पाइप उघड्या हाताने धरला होता. "परवा न गोठणारं कूलंट कमी पडलं तेव्हा साधं पाणी मीच ओतलं. वाटलं, एवढी थंडी इतक्यात कुठली पडते. चूक माझी आहे, वहीत तसंच लिहा."

मग तो सिस्टरला म्हणाला, "हात लावा."

पाइप कोमट झाला होता; बर्फ वितळून पाणी फिरू लागलं होतं. काटा हळूहळू उतरू लागला. एवढं धडधडणारं धूड, आणि या माणसाने त्याचं दुखणं नुसत्या तळहाताने ओळखलं! सिस्टर त्याच्याकडे बघतच राहिली.

वर येऊन तिने एकेका बाळाच्या तळव्याला हात लावून पाहिला. तेही तसेच कोमट होते. तिसऱ्याने पाय आखडून घेतला, आणि मगच तिला रडू फुटलं.