भोकर रोडवरचा वेटर

त्या वेटरचं नाव मी विचारलं नाही. भोकर रोडवरच्या एका हॉटेलात तो होता. साठीचा, खुरटी पांढरी दाढी, आवाज अगदी हळू.

आम्ही तिघे मित्र, नांदेडला मास्तरकी करणारे. एकाचा मुलगा पोलंडला शिकतो. त्यानं आणलेली तिथली व्होडका घेऊन आम्ही दुपारी तिथं बसलो. बाटलीत वासासाठी घातलेली गवताची एक लांब काडी होती. वेटरनं झाकण उघडून बाटली नाकाशी नेली. म्हणाला, "ओल्या चाऱ्यावाणी वास हाय. सोडा नका टाकू." आम्ही तशीच प्यायलो. इतकी मऊ दारू कधी चाखली नव्हती.

बाटली संपत आली तेव्हा उठलो, तर टेबलावर गाडीची चावी नव्हती. ती वेटरनं खिशात टाकली होती.

"चावी दे! तू कोण रे आम्हाला अडवणारा?" गाडीवाला मित्र ओरडला. मालक धावत आला आणि वेटरवरच चिडला.

वेटर जागचा हलला नाही. "मागं असेच चौघं बसले होते, साहेब. मीच पाजली, अन् जाताना गप बसलो. एकच वाचला. आता कामावरून काढलं तरी गप न्हाई बसत."

त्यानंच आम्हाला ऑटोत बसवून दिलं.

वर्गात आम्ही पोरांना धीटपणाचे धडे देतो. आमच्यापैकी कुणी त्यासाठी नोकरी पणाला लावल्याचं मला आठवत नाही.

सकाळी गाडी आणायला गेलो. तो दारात पाणी शिंपडत होता. मित्राची मान वर होईना. त्याच्या हातात चावी ठेवत वेटरनं विचारलं, "नाश्ता करून जाता का?"