हरभऱ्यावरच्या चादरी

करोल बागेत तीस वर्षं गणित शिकवून कल्पनाताई निवृत्त झाल्या, पण घाबरण्यातून काही निवृत्त झाल्या नाहीत. मुलगी मेट्रोत चढली की फोन, उतरली की फोन. कृतिका पीएचडीसाठी हरभऱ्याकडे वळली तेव्हा त्यांना हायसं वाटलं होतं. झाडांत कसली आलीय भीती? मग कळलं, कडाक्याच्या थंडीत फुलं गळतात, दव गोठलं की शेंडे करपतात. तेव्हापासून हवामानाची बातमी त्या श्वास रोखून ऐकत.

जानेवारीत कृतिकाचा पाय मुरगळला आणि नेमका त्याच दिवशी रात्री पारा शून्याजवळ जाणार असल्याचा इशारा आला. नोएडापलीकडच्या शेतावर तापमान नोंदवणारं यंत्र सुरू करायला आई निघाली.

"बटण दाब आणि ये. बाकी कशाला हात लावू नकोस," कृतिकाने बजावलं.

पण कल्पनाताईंच्या पिशवीत सहा जुन्या चादरी होत्या. अकोल्याला त्यांचे वडील हरभऱ्याच्या पानांवरची आंब, म्हणजे ते आंबट दव, टिपायला रात्री धोतर अंथरायचे. त्याखाली झाडं उबेत राहतात, हे लहानपणीच त्यांच्या मनाने घेतलं होतं. सूर्य कलला तशा त्यांनी चाळीस वाणांच्या आखूड ओळींवर चादरी पसरल्या.

फोन वाजला.

"यंत्र लावलं? फोटो पाठव."

"अंधारलंय गं, दिसणार नाही."

"आई, काय केलंस?"

"पांघरूण घातलंय. जातील ना नाहीतर!"

"यार आई! कुठली जातात तेच तर बघायचंय. तगतील त्यांचंच बी पुढे घेणार. फुलावर असताना अशी थंडी तीन वर्षांत पडली नाही."

"आणि सगळीच गेली तर?"

"तर तसं लिहीन. काढ चादरी."

पाच निघाल्या. सहावीच्या टोकावर बोटं अडली. खाली इवली जांभळी फुलं होती. "माताजी, ठंड बढ़ रही है, चलिए," शेतावरचा चौकीदार म्हणाला. त्यांनी डोळे मिटून ओढली.

तिसऱ्या दिवशी कृतिका काठी टेकत ओळींतून फिरली. एकतीस ओळी काळ्या पडल्या होत्या.

"नऊ उभ्या आहेत, आई! आता मार्चचं ऊन सोसतात का बघायचं. आणि ऐक, छत्र्या आणायच्या नाहीत."

कल्पनाताईंनी मान डोलावली. मग हळूच फोन काढून त्या मार्चचं हवामान बघायला लागल्या.